कायद्याचं बोला : चोराला मारलं, आता भरपाईची नोटीस

प्रश्न : मी निफाड तालुक्यात मळ्यात राहतो. सप्टेंबरात रात्री दीडच्या सुमारास दोघं कांदा चाळीत शिरले. एकाने कोयता उगारला, मी दांडक्याने त्याच्या मनगटावर मारलं. कोयता पडला. गोणी टाकून तो पळाला, तेव्हा बांधावर गाठून पायावर आणखी एक टोला दिला. पाय मोडला. आता त्याच्या वकिलाची तीन लाखांची नोटीस आली आहे. चोराला पैसे द्यायचे का? आणि चाळीच्या कुंपणात करंट सोडला तर चालेल का?
– एक शेतकरी

उत्तर : दादा, दोन टोले वेगळे धरा. पहिल्याची फिकीर नको. अंगावर कोयता आला की बचाव करायचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे, आणि दिवाणी दाव्यातही तो बचाव चालतो. मार गरजेपुरता असला की भरपाई लागत नाही. मात्र तसं होतं हे तुम्हालाच दाखवावं लागेल.

दुसऱ्या टोल्याचं मला अवघड दिसतंय. कोयता खाली, गोणी जागेवर, माणूस पाठमोरा. तिथे बचाव संपला, पुढचा राग होता. त्या पायाचा दवाखाना आणि बुडालेली मजुरी तुमच्या अंगावर येऊ शकते. तीन लाखांचा आकडा मात्र त्याने पावत्यांनिशी सिद्ध करायचा. नोटिशीत काय, कोणीही काहीही लिहितं. पोलिसांच्या ताब्यात द्यायला त्याला पकडत होतात का? खरं असेल तरच उत्तरात लिहा, उलटतपासणीत बनाव टिकत नाही.

‘फौजदारीत सुटलो की सगळं मिटलं’ हे पारावरचं ज्ञान नाशिकच्या कोर्टात घेऊन येणारे मला नेहमी भेटतात. फौजदारीतली सुटका दिवाणी न्यायाधीशाला बांधत नाही. तिथे पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात.

करंटचं डोक्यातून काढाच. बिहारमध्ये एकाने आपल्या संडासाच्या वाटेवर विजेची उघडी तार लावली, न विचारता जाणारी शेजारीण शॉक लागून मेली. त्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली कायम केली. तुमच्याकडे तर रात्री पाणी भरायला उठलेला गडीच आधी चिकटेल.

नोटिशीला वकिलामार्फत लेखी उत्तर द्या, गप्प बसू नका. त्याआधी पोलीस ठाण्यातून पंचनाम्याची नक्कल काढा आणि कोयता जप्त दाखवलाय का ते बघा. पहिला टोला त्यावरच उभा आहे.