कपाटातल्या नोटा वाळवीने खाल्ल्या, काही जळाल्यात, शाखेतून परत पाठवलं. रिझर्व्ह बँकेत बदलून मिळतील का?

मिळतील, पण सगळ्या नोटा घेऊन तिथे धावायची गरज नाही. आधी दोन ढीग करा: खाल्लेल्या नोटा वेगळ्या, जळालेल्या वेगळ्या.

वाळवीच्या नोटा सरकारी किंवा खासगी बँकेच्या कोणत्याही शाखेत बदलता येतात, तुमचं खातं तिथे असो वा नसो. पेमेंट बँक आणि स्मॉल फायनान्स बँकेवर मात्र सक्ती नाही. पाच नोटांपर्यंत निकाल साध्या शाखेनेच द्यायचा असतो. जास्त असतील तर जवळची करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा) असलेली शाखा गाठा. ती कुठे आहे, हे तुमच्या शाखेत विचारलं की कळतं. नोटा ठेवून घेतल्या तर पावती घ्याच.

पैसे किती मिळणार, ते सर्वात मोठ्या अखंड तुकड्यावर ठरतं. 50 रुपये आणि त्यावरच्या नोटेचा हा तुकडा 80 टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण रक्कम, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी, त्याखाली काहीच नाही. 20 रुपयांपर्यंतच्या नोटेला निम्मी रक्कम हा प्रकारच नाही: अर्ध्याहून जास्त भाग असेल तर पूर्ण, नाहीतर शून्य.

हे घरीच मोजून घ्या. 500 ची नोट 15 सेंमी लांब, 6.6 सेंमी रुंद, म्हणजे 99 चौरस सेंमी. ती आलेख कागदावर ठेवा, कडेने पेन्सिल फिरवा आणि एक-एक सेंमीचे चौकोन मोजा. मध्ये भोक असेल तर तेवढे चौकोन वजा करा. 80 च्या वर गेलात तर 500, 40 च्या वर 250. एका नोटेचे चार तुकडे झाले असतील तर त्यांची बेरीज होत नाही, मोठा एकच धरतात. म्हणून चिकटलेल्या नोटा ओढून सोडवू नका. त्या ओढाताणीत 500 ची 250 होते. फक्त दोन तुकडे झालेत आणि काहीच हरवलेलं नाही, तर ती नुसती मळकी नोट धरली जाते आणि पूर्ण रक्कम मिळते.

जळालेल्या, ठिसूळ किंवा गठ्ठाच्या गठ्ठा चिकटलेल्या नोटांना शाखेने नकार दिला तर तो नियमाप्रमाणेच आहे. त्यांचा निर्णय रिझर्व्ह बँकेचं निर्गम कार्यालय (नोटा जारी करणारं, इश्यू ऑफिस) विशेष पद्धतीने करतं. महाराष्ट्रात ही कार्यालयं मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत. (पुण्यातलं रिझर्व्ह बँकेचं कॉलेज हे प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे जाऊन हेलपाटा नको.) राख झटकू नका, नोटा सरळ करू नका. ज्या डब्यात सापडल्या त्या डब्यातच, हलणार नाहीत अशा नेता आल्या तर उत्तम. सोबत मूल्यवार यादी, ओळखपत्र आणि खात्याचा तपशील ठेवा.

नोट हमखास नाकारली जाते ती अशी: दोन वेगळ्या नोटांचे तुकडे जोडलेले, मुद्दाम कापल्याचं दिसत असलेली, आधीच कुठल्या शाखेचा 'पेड' किंवा 'रिजेक्ट' शिक्का बसलेला, किंवा राजकीय घोषणा लिहिलेली. साध्या पेनाच्या खुणा, हिशेबाचे आकडे चालतात. चिकटपट्टीने नोटा सजवून नेऊ नका, उगाच संशय येतो. आणि वाद घालण्याआधी एवढं माहीत असू द्या की 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 28 नुसार फाटक्या नोटेचे पैसे हा तुमचा हक्क नाही, ते कृपा म्हणून दिले जातात. तरी शाखेने नोटा बघायलाच नकार दिला, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

त्याच कपाटात नाणी असतील तर थोडक्यात: 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद आहेत, 50 पैसे अजून चालतात. नाणी शंभर-शंभरच्या पिशव्या करून नेलीत तर काउंटरवरचा कर्मचारी कमी कुरकुरतो.