घर सोडू नकोस, नमाज घरातच शिक

वालेकुम अस्सलाम.

तू लिहिलंस की वय 21, ऐरोलीला आईवडिलांकडे राहतोस, दोन महिन्यांपूर्वी कलमा पढून मुसलमान झालास, घरी अजून कुणाला ठाऊक नाही. मुंब्र्यातले मित्र म्हणतात नाव बदल, घर सोड, इकडे खोली घे. त्यात गणपती तोंडावर आलेत. नक्की काय करू, असं विचारलंस.

घर सोडू नकोस. बाकीचं सगळं सावकाश होईल. घरात मारहाण किंवा जिवाची भीती असेल तर मात्र थांबू नकोस, आधी सुरक्षित जागी जा. तुझ्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, म्हणून हे सांगतोय.

मी 2009 च्या सुरुवातीला कलमा पढलो. ठाण्यात राबोडीला लागून असलेल्या चाळीत आमच्या दोन खोल्या. एका भल्या माणसानं मला पहिल्याच आठवड्यात हेच सांगितलं होतं, घर सोड. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी मुंब्र्याजवळ कौशाला तिघांत एक खोली घेतली आणि चार महिने आईचा फोन उचलला नाही. मला वाटायचं, ईमान टिकवायचं तर असंच करावं लागतं. कुराणातल्या सूरह लुकमान या अध्यायाची पंधरावी आयत, म्हणजे ओळ, तेव्हा मला कुणी वाचून दाखवली नाही. आईबाप अल्लाहसोबत दुसऱ्या कुणाला मानायला भाग पाडू लागले तर त्यांचं ऐकू नकोस, आणि दुनियेत त्यांच्याशी भलेपणानं राहा, हे दोन्ही त्या एकाच आयतीत आहे. लोक अर्धी आयत सांगतात आणि पोरं घरं सोडतात. पैगंबरांच्या काळातल्या हजरत अस्मा यांची आई मुसलमान नव्हती, ती लेकीला भेटायला आली. अस्मांनी पैगंबरांना विचारलं, आईशी नातं ठेवू का? उत्तर आलं, हो, ठेव. ही हदीस, म्हणजे पैगंबरांची आठवण, बुखारी या संग्रहात आहे. तुझ्या मित्रांना ती जरूर वाचायला दे.

आता गणपती. आरतीत हात जोडायचे नाहीत, नैवेद्य खायचा नाही, हे मी पाळतो आणि तुलाही तेच सांगेन. पण मखराला पट्ट्या ठोकणं, बाजारातून सामान आणणं, पाहुण्यांना चहा देणं, मामाला स्टेशनवरून आणणं, यातली आईच्या कष्टाची जेवढी कामं आहेत तेवढी कर. 2009 साली गणपती ऐन रमजानमध्ये आले होते. मी नुकताच घरी परतलो होतो आणि चतुर्थीला माझा रोजा होता. आमची आई नैवेद्य दाखवल्याशिवाय मिठाची चवसुद्धा बघत नाही. त्या दिवशी तिनं उकडीचे पाच मोदक नैवेद्याआधीच स्टीलच्या डब्यात वेगळे काढले आणि डबा फडताळात वरच्या फळीवर ठेवला. संध्याकाळी राबोडीतून मगरिबची अजान ऐकू आली, तशी डबा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘हे दाखवलेले नाहीत.’ एवढंच. कौशाला राहिलो असतो तर हे मला मिळालं नसतं.

नमाजेचं म्हणशील तर दिवसाच्या 17 फर्ज (सक्तीच्या) रकातींचा, म्हणजे नमाजेच्या फेऱ्यांचा, आकडा बघून घाबरू नकोस. आधी सूरह फातिहा, सात आयती. ती पाठ होईपर्यंत सुब्हानल्लाह, अल्हम्दुलिल्लाह म्हणत नमाज पढता येते. फक्त देवनागरी पुस्तिकेवरून पाठ करू नकोस, मी केलं आणि नंतर सगळं सुधारायला वर्ष गेलं. अरबीत ‘कल्ब’मधला क घशातून काढला तर अर्थ होतो काळीज, आपला साधा क म्हटला तर कुत्रा. माणसासमोर बसून, ऐकून शीक. मागच्या 21 वर्षांच्या नमाजा तुझ्यावर बाकी नाहीत, कलम्याआधीचं सगळं पुसलं गेलं. आमच्या घरी देव्हारा नेमका पश्चिमेच्या भिंतीला होता आणि किब्लाही, म्हणजे नमाजेत तोंड करायची मक्केची दिशा, आपल्याकडून पश्चिमेलाच, किंचित उत्तरेकडे झुकलेला. म्हणून मी स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी चटई टाकायचो. अशी एक जागा शोधून ठेव.

मुंब्र्यात किंवा तळोज्यात नमाजेला गेलास तर गोंधळशील, म्हणून आधीच सांगतो. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, बाकीचे बरेचसे हनफी; हे नमाजेचे नियम सांगणारे दोन पंथ. शाफईंची असर (दुपारनंतरची नमाज) लवकर होते, हनफींची साधारण तासाभरानं. शाफई फजरच्या (पहाटेच्या नमाजेच्या) दुसऱ्या रकातीत रुकूनंतर, म्हणजे वाकून उठल्यावर, हात उचलून दुआ मागतात, हनफी नाही. दोन्ही बरोबर आहेत. ज्यांच्याकडे शिकतोयस त्यांच्याप्रमाणे पढ, आणि ‘कोणती जमात खरी’ या वादात पहिली दोन-तीन वर्षं पडूच नकोस.

नाव बदलणं बंधनकारक नाही. नावाचा अर्थ वाईट असेल किंवा दुसऱ्या देवाचा दास असा असेल तरच बदलतात. मशिदीत वेगळं नाव आणि कागदावर जुनं, असंही चालतं. खतना झाल्याशिवाय कलमा पुरा होत नाही, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. पण राजपत्रात धर्मबदल नोंदवण्याआधी वकिलाकडे नक्की जा. तुझ्याकडे अनुसूचित जातीचा दाखला असेल तर राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार इस्लाम स्वीकारल्यावर तो दर्जा राहत नाही, कॉलेजची फी आणि नोकरी दोन्हीवर परिणाम होतो. आईवडिलांच्या मालमत्तेतला तुझा वाटा मात्र धर्म बदलल्यानं जात नाही. कुणी स्टेजवर उभं करून व्हिडिओ काढायला लागला, पैशांचं किंवा निकाहचं घाईनं बोलायला लागला, तर सरळ नाही म्हण.

घरी सांगशील तेव्हा आधी एकट्या आईला सांग, गणपती उरकल्यावर, घरात पाहुणे नसताना. ‘तुमचं चुकीचं होतं’ हे वाक्य येऊ देऊ नकोस. ती रडेल. उत्तर देत बसू नकोस, जवळ बस. बाबांना कधी सांगायचं ते तिलाच ठरवू दे.

फातिहा पाठ झाली की इथेच लिही. पुढे सूरह इख्लास घेऊ, चारच आयती आहेत.