भातखाचरात पावसासाठी जागा ठेवावी : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तर

माणगाव तालुक्यातील काही भात उत्पादकांनी विचारले आहे की, ऑगस्टअखेर उघडीप पडली की नदीवरील पंप चालवून खाचरे भरावी लागतात, आणि त्याच्या आठच दिवस आधी मात्र बांधावरून पाणी वाहून गेलेले असते. हे पाणी शेतात धरता येईल का? पेणच्या खारेपाटातूनही, म्हणजे खाडीकाठच्या खारवट जमिनींच्या पट्ट्यातूनही, असाच प्रश्न आला आहे, पण त्याचे उत्तर वेगळे असल्याने ते शेवटी दिले आहे.

कोकणात वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी पिकाच्या हिशेबात धरायचा तो फक्त खाचरात थांबलेला पाऊस. एका गुंठ्यावर 50 मिमी पाऊस पडला तर ते सुमारे 5,000 लिटर पाणी होते, म्हणजे वीस गुंठ्यांच्या खाचरात एक लाख लिटर. खाचर पंपाने आधीच सांडव्यापर्यंत भरून ठेवले असेल, तर हे सगळे पाणी खालच्या शेतात जाते आणि सोबत आपले खतही नेते. “पाणी आहे तोवर भरून घ्या” ही सवय इथेच नडते.

म्हणून बांध 20 ते 25 सेंमी उंच, चोपून पक्का केलेला असावा आणि रोपे रुजून उभी राहिल्यावर सांडव्याचे तोंड जमिनीपासून 10 सेंमी उंचीवर ठेवावे. लावणीनंतरच्या पहिल्या दिवसांत मात्र 2 ते 3 सेंमीपेक्षा जास्त पाणी नको, कोवळी रोपे बुडतात. पुढे पंपाने पाणी द्यायचे झाल्यास तेही 3 सेंमीपर्यंतच द्यावे, म्हणजे सांडव्यापर्यंत 7 सेंमी जागा उरते आणि 70 मिमीची सर आतच राहते. हे सारे खेकड्यांच्या एका बिळाने वाया जाऊ शकते. पाऊस थांबल्यावर बांधाच्या खालच्या अंगाने चालत जाऊन कुठे गढूळ पाणी पाझरते ते पाहावे आणि बीळ वरवर न लिंपता आतून माती ठासून बंद करावे.

पाणी कधी द्यायचे हे नुसत्या नजरेने ठरवू नये. 30 सेंमी लांबीच्या प्लॅस्टिक पाइपच्या खालच्या अर्ध्या भागाला भोके पाडून तो भाग जमिनीत गाडावा आणि आतली माती काढून टाकावी. पाइपमधील पाणी जमिनीच्या पातळीखाली 15 सेंमी गेल्यावरच पंप सुरू करावा. वरची जमीन सुकलेली दिसली तरी मुळांना पाणी मिळत असते आणि तेवढ्या दिवसांत एखादी सर आली तर पंपाची एक फेरी वाचते. ही पद्धत लावणीनंतर साधारण दोन आठवड्यांनी सुरू करावी. फुलोऱ्याच्या आधी व नंतर एकेक आठवडा मात्र 5 सेंमी पाणी कायम ठेवावे, कारण त्या काळातला ताण पळिंजाच्या, म्हणजे दाणा न भरलेल्या पोकळ भाताच्या, रूपाने दिसतो. गरव्या (उशिरा तयार होणाऱ्या) जातींचा हा काळ अनेकदा पाऊस ओसरताना येतो, तेव्हा पंपाचे पाणी त्यांच्यासाठी राखून ठेवलेले बरे.

युरिया देण्यापूर्वी जिल्ह्याचा हवामान अंदाज पाहावा. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर खत दोन-तीन दिवस पुढे ढकलावे. उशीर परवडतो, वाहून गेलेले खत परत येत नाही.

खारेपाटातील शेतकऱ्यांनी वरील पाइपची पद्धत वापरू नये. तिथे जमीन सुकली की खालचे क्षार वर येतात आणि पांढरी खपली दिसू लागते, म्हणून खाचरात गोड्या पाण्याचा थर सतत ठेवणे हाच उपाय आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी अडवून, क्षार विरघळू देऊन, ओहोटीच्या वेळी उघाडीतून (खाडीच्या बांधातील झडपेच्या दारातून) सोडावे आणि असे दोन-तीनदा केल्यावरच लावणी करावी. भरती चढण्यापूर्वी उघाडीची झडप नीट बसली आहे का, हे प्रत्येक वेळी तपासावे. फळीत अडकलेला एक ओंडका साऱ्या खाचरांत खारे पाणी आणतो.