‘जेव्हा’ एकच, जर्मन शब्द तीन

प्रश्न: जर्मनमध्ये ‘जेव्हा’ लिहिताना आल्स, वेन आणि वान यांत घोटाळा होतो. भूतकाळ असला की आल्स, असं मी पाठ केलं होतं. पण वाचताना भूतकाळातही वेन भेटतो. मग नियम काय?

उत्तर: तुमचा नियम अर्धाच आहे. काळ पाहून भागत नाही. घटना एकदा घडली की वारंवार, हे पाहा. बर्लिनची भिंत १९८९ साली एकदाच पडली, म्हणून ‘आल्स डी माउअर फील’. इथे वेन लावलात तर भिंत अधूनमधून पडायची असा अर्थ होईल! उलट ‘क्योल्नला गेलो की दर वेळी पाऊस’ हे भूतकाळातलं असूनही ‘इमर वेन इख इन क्योल्न वार’ असंच होणार.

खरी गोम बालपणाची. ते वर्षानुवर्षं चालतं, म्हणून माझे विद्यार्थी हमखास वेन लिहितात. पण आयुष्यात तो कालखंड एकदाच येतो. त्यामुळे ‘मी लहान होतो तेव्हा’ म्हणजे ‘आल्स इख किंट वार’. लांबी मोजायची नाही, खेपा मोजायच्या.

वर्तमान-भविष्यासाठी डोळे मिटून वेन. ‘जर’लाही तोच, त्यामुळे ‘वेन एअर कोम्ट’ म्हणजे ‘तो आला की’ की ‘तो आला तर’, हे संदर्भावरूनच कळतं. जर्मन लोकांचं त्यामुळे काही अडत नाही.

वान सोपा: मराठीत ‘कधी’ बसत असेल तिथेच तो वापरा. ‘तो कधी येणार ठाऊक नाही’ यातही वानच.