वडिलांचा एम्फिसीमा (फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्या खराब होऊन दम लागण्याचा आजार) खूप वाढलाय, छाती न उघडता काही करता येतं का?

सदाशिव पेठेतल्या जिन्यावर तुमचे वडील मध्येच कठडा धरून थांबतात, हे वाचून माझे काका आठवले. हो, उपाय आहे. ब्राँकोस्कोपीने, म्हणजे दुर्बीण घालून, फुगून निकामी झालेल्या भागाच्या श्वासनलिकांत छोटे एकेरी व्हॉल्व्ह बसवतात. हवा बाहेर पडते, आत जात नाही. तो भाग आकसतो आणि बऱ्या फुफ्फुसाला जागा मिळते. अमेरिकेत २०१८ मध्ये याला मान्यता मिळाली.

पण सगळ्यांना चालत नाही. फुफ्फुसाच्या शेजारच्या भागातून या निकामी भागात हवा झिरपत असेल तर फायदा होत नाही, म्हणून आधी सीटी स्कॅन. सिगारेट पूर्ण बंदच हवी. फुफ्फुसातून हवा गळून छातीत साठण्याचा धोका खरा आहे, त्यामुळे नंतर किमान ३ रात्री हॉस्पिटलात राहायची तयारी ठेवा.