बूस्ट चढला की इंजिन खोकतं: टायमिंग आणि पेट्रोलच्या दाबाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: जिप्सीचं 1298 सीसीचं, 16 व्हॉल्व्हचं इंजिन नव्याने बांधलं आहे. कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन, छोटा टर्बो, 3 बार दाबाला मिनिटाला 300 सीसी देणारे चार इंजेक्टर आणि लॅपटॉपवरून ट्यून होणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक) बसवला आहे. आयडलिंग उत्तम आहे. पण बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) 0.4 बारच्या आसपास गेला की इंजिन खोकतं आणि एक्झॉस्टमधल्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरवर लॅम्डा (1 म्हणजे आदर्श मिश्रण, आकडा वाढला की पेट्रोल कमी) 0.80 वरून 0.95 वर जातो. मॅपमध्ये (ईसीयूतल्या आकड्यांच्या तक्त्यात) पेट्रोल वाढवून पाहिलं, काहीच फरक पडत नाही. इंजेक्टर लहान पडत असतील का?
— वाचक, कोल्हापूर

उत्तर: इंजेक्टर बदलू नका, आणि मॅपला तर आता हातच लावू नका. आधी हिशेब पाहू. टर्बो इंजिन 150 अश्वशक्ती देत असेल, तर त्याला तासाला साधारण 55 लिटर पेट्रोल लागतं. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) असेल तर 59 लिटरच्या आसपास. तुमचे चार इंजेक्टर 85 टक्के ड्युटीवर (म्हणजे 85 टक्के वेळ उघडे राहून) तासाला 61 लिटर देतात. म्हणजे 150 अश्वशक्तीला ते काठावर पुरतील, पण 0.4 बारला इंजिन तिथवर पोचलेलंही नसतं. लॉगमध्ये ड्युटी पाहा. ती 60-65 टक्क्यांच्या आत असेल, तर इंजेक्टर निर्दोष आहेत.

तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची माहिती म्हणजे ‘पेट्रोल वाढवून फरक पडत नाही’ हे वाक्य. मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातल्या) दाबाप्रमाणे पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी नुसती निसटली असती, तर दाब 3 बारवर अडकला असता, मिश्रण लीन (पेट्रोल कमी असलेलं) झालं असतं. पण मॅपमध्ये आकडा वाढवल्यावर ते सुधारलंही असतं. इथे ते सुधारत नाही. इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवला की रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतला) दाब तेवढाच आणखी खाली येतो, कारण पंपाकडून पेट्रोलच कमी येत आहे. म्हणून पंप, त्याची वायरिंग, फिल्टर आणि टाकीतली जाळी यांच्यावर पहिला संशय घ्या.

किती कमी येतं, हेही काढता येतं. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं, आणि हा फरक म्हणजे रेलचा दाब वजा मॅनिफोल्डचा दाब. लॅम्डा 0.80 वरून 0.95 वर गेला, म्हणजे पेट्रोल सुमारे 16 टक्के घटलं. त्यासाठी दाबाचा फरक 3.0 वरून 2.1 बारवर यावा लागतो. 0.4 बार बूस्टला रेलमध्ये 3.4 बार हवेत. तुमच्याकडे ते 2.5 च्या आसपास असणार. गेज लावून खात्री करा. गेज काचेला बाहेरून चिकटवा. पेट्रोलची नळी केबिनमध्ये कधीही आणू नका. आत आकडा हवा असेल, तर रेलवर इलेक्ट्रिक सेन्सर बसवा.

तपासणी या क्रमाने करा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून तिचं तोंड बंद करा आणि आयडलवर रेग्युलेटरचा स्क्रू फिरवून दाब 3.0 बार करा. नळी परत लावली की तो 2.4 च्या आसपास उतरला पाहिजे. मग इंजिन बंद करा, पंप रिलेतून थेट चालू ठेवा आणि रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम तोंडाला हातपंपाने 0.7 बार हवा द्या. गेजवर 3.7 दिसले, तर रेग्युलेटर चांगला आहे आणि हे रस्त्यावर न जाताच कळलं.

पुढे पंप. मल्टिमीटरचे टोक बॅटरीला न लावता पंपाच्या कनेक्टरलाच लावा, तेही पंप चालू असताना. बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि पंपावर 12.5, हे जुन्या गाड्यांमध्ये नेहमी दिसतं. मूळ वायर मूळ पंपासाठी असते. बॅटरीपासून फ्यूजमार्गे वेगळ्या रिलेतून 4 चौरस मिलिमीटरची वायर ओढा, अर्थिंगही चेसिसवर रंग खरवडून नवं द्या. व्होल्टेजची घट अर्ध्या व्होल्टच्या आत आली पाहिजे. एवढ्याने दाब सावरला, तर पंप बदलण्याचा खर्च वाचतो.

तरीही सावरला नाही, तर पेट्रोल मोजा. इंजिन थंड हवं, इग्निशन तोडलेलं हवं, अग्निशामक हाताशी हवा. रिटर्न नळी खुणा असलेल्या धातूच्या डब्यात सोडा, रेग्युलेटरला पुन्हा 0.7 बार हवा द्या आणि पंप बरोबर 30 सेकंद चालवा. तासाला 61 लिटर म्हणजे 30 सेकंदांत साधारण अर्धा लिटर. तुम्हाला किमान 650 मिली मिळायला हवेत, कारण गरम पेट्रोल आणि जुना होत जाणारा फिल्टर दोघेही त्यातून वाटा घेतात. कमी भरलं तर फिल्टर बदलून पुन्हा मोजा, मग जाळी, आणि शेवटी पंप.

मोठा पंप घेताना एक लक्षात ठेवा. तासाला 255 लिटरचा पंप बारीक रिटर्न पाइपवर लावला, तर आयडलला जास्तीचं पेट्रोल परत जायला वाट अपुरी पडते आणि स्क्रू पूर्ण सैल करूनही दाब 3.5-3.8 वर अडून राहतो. रिटर्न नळी डब्यात सोडल्यावर दाब उतरला, तर दोष पाइपाचा आहे, रेग्युलेटरचा नाही.

प्रश्न: ईसीयूत टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) 10 अंशांवर लॉक केलं. टायमिंग लाइटने आयडलला 10 च दिसतं, पण 4000 आरपीएमला खूण 4 अंशांवर येते. क्रँकवर 36-1 दातांचं (36 पैकी एक दात नसलेलं) चाक आणि व्हीआर (चुंबकीय) सेन्सर आहे. कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा?
— वाचक, फोंडा

उत्तर: लाइटवर. पण त्याआधी पुलीवरची खूण खरी आहे का, ते पाहा. रबर असलेल्या पुलीची बाहेरची कडी सरकते, आणि नव्या इंजिनवर जुनी पुली बसवताना हे कोणी तपासत नाही. चारही प्लग काढा, पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घाला, क्रँक पान्याने हळू फिरवा आणि पिस्टन अडेल तिथे पुलीवर खूण करा. मग उलट्या दिशेने फिरवून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा बरोबर मध्य हा खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा. यात स्टार्टर अजिबात वापरू नका. स्टॉप पिस्टनमध्ये घुसेल. अंशांची पट्टी नसेल, तर व्यास मोजा: 140 मिलिमीटरच्या पुलीवर 1 अंश म्हणजे परिघावर 1.2 मिलिमीटर.

दोन प्लग एकदम पेटवणारी, म्हणजे वेस्टेड स्पार्कची कॉइल असेल, तर डायल फिरवून अंश दाखवणारी टायमिंग लाइट फसते. तिला दुप्पट ठिणग्या दिसतात. डायल शून्यावर ठेवा आणि पुलीवरच्या पट्टीवरूनच वाचा.

आता तुमचे 6 अंश. 4000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 24 अंश फिरतो आणि 900 ला 5.4, म्हणजे ही सुमारे 0.32 मिलिसेकंदाची दिरंगाई आहे. आयडलला, 900 आरपीएमवर, तेवढ्याच दिरंगाईने पावणेदोन अंशांचाच फरक पडतो, आणि तो ऑफसेट (ईसीयूतली जागा खऱ्या टीडीसीशी जुळवणारा आकडा) लावताना नकळत पुसला गेला. 2000, 3000 आणि 4000 ला वाचन घ्या. घसरण आरपीएमच्या सरळ प्रमाणात असेल, तर ईसीयूतल्या ‘लेटन्सी’च्या रकान्यात दिरंगाई भरा आणि ऑफसेट पुन्हा जुळवा. घसरण वेडीवाकडी असेल किंवा खूण थरथरत असेल, तर सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्याचा संशय घ्या. व्हीआर सेन्सरचा सिग्नल एकाच काठावर शून्याला नेमका छेदतो. उलट जोडला की ईसीयू तिरप्या बाजूवर पकडतो आणि वेग वाढेल तशी जागा बदलते. वायरी बदलल्यावर ऑफसेट नव्याने लावावाच लागतो. खूण अचानक 10 अंशांनी उडत असेल, तर एक दात चुकतोय: सेन्सर आणि चाकातलं अंतर, शील्डचं एकाच टोकाचं अर्थिंग आणि कॉइलच्या वायरींपासूनचं अंतर तपासा.

तुमच्याकडे टायमिंग मागे सरकतंय, त्यामुळे एक्झॉस्ट तापेल आणि ताकद जाईल. पण ऑफसेट चुकून उलट बाजूला असता, तर मॅपमध्ये 18 लिहून इंजिनाला 24 मिळाले असते, आणि बूस्टमध्ये हे 6 अंश पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी फोडायला पुरेसे आहेत. लाइटने पडताळणी होईपर्यंत 0.1 बारही बूस्ट देऊ नका.

प्रश्न: नॉकिंग (मिश्रण अनियंत्रित पेटल्याचा ठोका) कानाला ऐकू येतंय की नाही, खात्री वाटत नाही. प्लग कोणते घालावेत?
— वाचक, नाशिक

उत्तर: उघड्या कानावर विसंबू नका, टर्बोच्या गाडीत एक्झॉस्टचा आवाज नॉकिंग झाकतो. नॉक सेन्सर लावत असाल, तर वारंवारता अशी काढा: 900 ला पाय आणि बोअरच्या त्रिज्येच्या (मिलिमीटरमध्ये) गुणाकाराने भागा. 74 मिलिमीटर बोअरला उत्तर 7.7 किलोहर्ट्झ येतं. सेन्सर ब्लॉकवर सपाट मशीन केलेल्या जागी, मध्ये वॉशर न घालता, बसवा. प्लगच्या चिनी मातीवर काळे किंवा चांदीसारखे बारीक ठिपके दिसले, तर इंजिन लगेच थांबवा. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे.

प्लग मूळपेक्षा एक-दोन पायऱ्या थंड घ्या. एनजीकेत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये उलट; अदलाबदल करताना यावर नेहमी गोंधळ होतो. गॅप 0.7 मिलिमीटर ठेवा. मूळ 1.1 तसाच ठेवला, तर बूस्टमध्ये ठिणगी विझते, इंजिन खोकतं आणि वाइडबँड ते लीन म्हणून दाखवतो, कारण न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो. कोल्हापूरच्या वाचकांनीही दाब तपासताना गॅप पाहून घ्यावा.

वाइडबँडवर आकडा लॅम्डातच वाचा. ई20 चं आदर्श मिश्रण 14.7 नसून साधारण 13.5 आहे, गेज 13.5 च्या हिशेबावर ठेवून एएफआरच्या (हवा-पेट्रोल प्रमाणाच्या) जुन्या आकड्यांवर ट्यून केलं तर मिश्रण लीनच निघेल. बूस्टमध्ये लॅम्डा 0.78 ते 0.82 हवा.

प्रश्न: इंजिन बंद केल्यावर दाब दोन मिनिटांत शून्य होतो आणि गरम गाडी सुरू व्हायला वेळ लागतो.
— वाचक, सांगली

उत्तर: इंजिन बंद करताच रेलकडे येणारी रबरी नळी क्लॅम्पने दाबा. दाब टिकला, तर पंपातला चेक व्हॉल्व्ह गळतोय. टिकला नाही, तर रिटर्न नळीही दाबा. आता टिकला तर रेग्युलेटर, तरीही उतरला तर इंजेक्टर. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून आत पेट्रोलचा ओलावा दिसला, तर त्याचा पडदा फाटला आहे. तो भाग त्याच दिवशी बदला. बूस्टच्या गाडीत तो पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढतो.

(मूळ नोंदणीशी न जुळणारे इंजिनबदल मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली येतात. वरच्या सगळ्या चाचण्या डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंद ट्रॅकवर कराव्यात.)