ट्रॅक्टर सुरू होत नाही, स्टार्टर नुसता 'टक्' करतोय?
लगेच नवा स्टार्टर घेऊ नका, सुरुवातीला बरेच जण हीच चूक करतात. आधी बॅटरी बघा. पूर्ण चार्ज असेल तर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसतं.

मग अर्थची वायर, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून चेसिसला (ट्रॅक्टरच्या सांगाड्याला) जाणारी. चेसिसवर नट आवळलेला असतो ना, तिथे रंगाखाली गंज दडून बसतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, नट काढा आणि धातू चमकेपर्यंत पॉलिशपेपरने घासा. माझ्या जुन्या ट्रॅक्टरची कितीतरी दुखणी इथेच बरी झाली आहेत.

'टक्'सुद्धा होत नसेल तर फ्यूज, सीटखालचा आणि ब्रेकचा सेफ्टी स्विच तपासा.

स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइड (स्टार्टरला करंट देणारा स्विच) शॉर्ट करून बघू नका. गियरमध्ये असला तर ट्रॅक्टर थेट अंगावर येतो!

स्टार्टर खोलायचं नंतर बघू. एवढं करा आणि कळवा.